नाताळचे उसने गाऱ्हाणे

डिसेंबरचा पहिला रविवार आला, की उपदेशपीठावरून एक गाऱ्हाणे हमखास ऐकू येते. बाजाराने नाताळ पळवला. पोरांना सांता ठाऊक आहे, ख्रिस्त ठाऊक नाही. दुकानादुकानांत तारे लटकतात, पण तो तारा कुणाकडे बोट दाखवतो हे कुणी विचारत नाही. मंडळी मान डोलावते आणि उपासना सुटल्यावर जटपुरा गेटातून गोल बाजारात कपडे घ्यायला जाते. मंडळीच्या या वागण्यात मला काही खोट दिसत नाही, खोट दिसते ती उपदेशात. हे गाऱ्हाणे चंद्रपूरचे नाही, गडचिरोलीचे तर मुळीच नाही. ते उसने आणलेले आहे. उसन्या गाऱ्हाण्याचा तोटा असा, की ते करता करता घरचे दुखणे तपासायचे राहून जाते.

अमेरिकेत या तक्रारीला अर्थ आहे. तिथे बहुसंख्य लोक ख्रिस्ती परंपरेतले, नाताळ घरोघरचा, आणि व्यापाराचे वर्ष डिसेंबरच्या विक्रीवर तरते. तिथला भाविक म्हणतो, की जे आमच्या सगळ्यांचे होते ते दुकानदाराने आपले केले. दुकानातली मुलगी 'मेरी ख्रिसमस' म्हणाली की नुसतेच 'हॅपी हॉलिडेज' म्हणाली, यावरूनही तिथे वादंग होतो. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती 10 लाख 80 हजारांच्या घरात, म्हणजे एक टक्क्याच्या आत होते, आणि त्यांतले बहुतेक मुंबई, वसई, पुणे, अहमदनगर या पट्ट्यातले. इथल्या जंगलात नाताळ सगळ्यांचा कधी नव्हताच. हाती नसलेली वस्तू चोरीला गेली म्हणून रडायचे कशाला?

इंग्रजी लेखक सी. एस. ल्युइस यांनी 1957 मध्ये एका छोट्या लेखात नाताळचे तीन प्रकार मांडले होते. एक धार्मिक सण, दुसरा खाण्यापिण्याचा आणि गाठीभेटींचा लोकोत्सव, तिसरा व्यापाऱ्यांनी गळ्यात मारलेला भेटवस्तूंचा धंदा. पहिला त्यांना महत्त्वाचा, दुसरा मान्य, तिसरा डोक्यात जाणारा. वर्गवारी नेटकी आहे. पण ते ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये बसून लिहीत होते, त्यामुळे चौथा नाताळ त्यांना दिसण्याचे कारण नव्हते. तो संशयाचा नाताळ. शहरातल्या चौकात लाल टोपी घालून चॉकलेट वाटणाऱ्याकडे लोक हसून पाहतात, आणि एटापल्ली किंवा धानोऱ्याकडच्या एखाद्या पाड्यावर पाळकाने त्याच दिवशी चार पाकिटे वाटली, तर कुणीतरी मोबाइलवर चित्रण करू लागतो. सण तोच, तारीखही तीच. फरक एवढाच, की चौकातला माणूस ख्रिस्ताचे नाव घेत नाही.

मागे वळून पाहिले तर सणावरची कुरकुर बाजारापेक्षा जुनी निघते. नागपुरात 1845 पासून काम केलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. त्या परंपरेत नाताळ हा सणच नव्हता. बायबलात तारीख दिलेली नाही, तेव्हा हा माणसांनी घातलेला घोळ आहे, असे तिथले कडवे प्रॉटेस्टंट मानत. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने 1640 मध्ये नाताळची सुट्टी मोडीत काढली होती, आणि 25 डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळायला तिथे 1958 उजाडावे लागले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत 1659 ते 1681 या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. त्या लोकांचा रोख दुकानांवर नव्हता, दारू, जुगार आणि धांगडधिंग्यावर होता. उलट चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आले ते स्कॉटलंडचेच, पण एपिस्कोपल चर्चचे मिशन. ते चर्चचे पंचांग पाळणारे, मेणबत्त्या लावून नाताळ करणारे. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि हे दोन्ही प्रवाह एका छताखाली आले. आज चंद्रपुरात त्या चर्चच्या बाकावर बसणाऱ्या माणसाच्या वारशात सण करणारेही आहेत आणि सणाला नाक मुरडणारेही. एकच बाजू 'खरी ख्रिस्ती' म्हणून त्याच्यापुढे ठेवता येणार नाही.

पुन्हा इथले ख्रिस्ती एका रंगाचे नाहीत. सिरोंचाकडे तेलुगू बोलणाऱ्यांत अमेरिकन मेथडिस्टांनी काम केले. बल्लारपुरात कागद कारखाना, आजूबाजूला कोळसा खाणी, वीज केंद्र आणि दवाखाने आले, त्यांच्याबरोबर केरळची कुटुंबे आली. सायरो-मलबार चर्चने चांद्यासाठी 1962 मध्ये स्वतंत्र मिशन क्षेत्र केले, 1977 मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला, आणि बिशपांचे निवासस्थान बल्लारपुरात आहे. या केरळी परंपरेत नाताळच्या आधी पंचवीस दिवसांचा उपवास असतो. 1 डिसेंबरपासून घरात मांस शिजत नाही. म्हणजे दुकानात रोषणाई ज्या दिवशी सुरू होते, त्याच दिवशी बल्लारपूरच्या भाविक घरातले मटण बंद होते. बाजाराशी भांडायचेच असेल तर ते असे भांडता येते. तक्ता न लावता, भाषण न ठोकता, नुसते ताट बदलून. पंचविसाव्या दिवशी मग केक कापा, मटण करा, कुणाची ना नाही. आगमनकाळ पाळणाऱ्या बाकीच्या चर्चमध्येही हे चार आठवडे खरे तर वाट पाहण्याचे, आणि सण 25 डिसेंबरला सुरू होऊन 6 जानेवारीपर्यंत चालायचा. बाजाराने हा क्रम उलटा केला आहे. आपण काय गमावले असेल तर ते हे उपाशीपण, आणि ते बाजाराने हिसकावले नाही, आपणच सोडून दिले.

मुळात सणाभोवती बाजार भरणे यात अधर्म कसला? चंद्रपुरात चैत्रात महाकालीची यात्रा भरते तेव्हा बांगड्या, कुंकू, प्रसाद, पाळणे, भांडी यांची दुकाने लागतात. महाशिवरात्रीला मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी तेच दृश्य असते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात, वडशाच्या मंडळ्यांची नाटके रात्रभर चालतात, तिकीट विकले जाते, चहा-भजी विकली जातात. मंडईतून विक्री काढली तर मंडई उरेल का? महाकालीला बाजाराने गिळले असे कुणी म्हणत नाही, कारण तिथे माणसे आधी येतात आणि दुकान त्यांच्या मागून येते. नाताळच्या बाबतीत दुकान आधी आले आणि माणसे आलीच नाहीत, एवढाच काय तो फरक. हा फरक गमतीचा आहे, पण त्यात पाप नाही. हिंदू किंवा बौद्ध दुकानदाराने काचेवर कापसाचा बर्फ चिकटवला, तर तो ख्रिस्ताचा अपमान करत नाही. उन्हाळ्यात 47 अंश सोसणाऱ्या शहराला बर्फाची हौस आहे, असे म्हणावे आणि पुढे जावे.

खर्चाविषयी बोलताना आपले धर्मशिक्षक बेथानीची गोष्ट विसरतात. एका बाईने येशूच्या पायांवर अतिशय महागडे सुगंधी तेल ओतले. तीनशे दिनारांचे, म्हणजे मजुराच्या वर्षभराच्या कमाईचे. तेव्हा हे विकून गरिबांना का दिले नाही, असा सवाल करणारा होता येशूला पुढे धरून देणारा यहूदा. योहानाने त्याच्या तोंडी हा सवाल घातला आणि तो चोर होता हेही लगेच सांगितले. येशूने बाईची बाजू घेतली. डिसेंबरात धान घरात आलेले असते, वर्षात एकदाच हातात चार पैसे खेळतात. अशा वेळी शेतमजुरी करणाऱ्या आईने लेकीला चकचकीत फ्रॉक घेतला, तर तिला साधेपणाचे प्रवचन देणारा पाळक यहूदाच्या शेजारी जाऊन बसतो. साधेपणा हा ज्यांच्यापाशी निवड आहे त्यांनी शिकायचा असतो. गरिबाच्या उधळपट्टीला माझ्या लेखी चंगळवाद म्हणता येत नाही.

बाजाराने केलेले एक नुकसान मात्र मला खरे वाटते. त्याने 25 तारखेची गाठ 31 तारखेशी मारली. ताडोबाच्या दारांवर नाताळच्या आठवड्यात गाड्यांची रांग लागते, सफारीची तिकिटे आधीच संपलेली असतात, मोहर्लीपासून कोलाऱ्यापर्यंतच्या रिसॉर्टांत नाताळ आणि थर्टी फर्स्ट एकाच पॅकेजमध्ये विकले जातात. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ते 2021 दारूबंदी होती, तोवर या पॅकेजला थोडा आडोसा होता. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे आणि ती कशी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. परिणाम असा, की शेजाऱ्याच्या मनात नाताळ म्हणजे 'त्यांचा दारू पिण्याचा सण' असे चित्र बसले. आपल्याकडे 31 डिसेंबरच्या रात्री वर्षअखेरची उपासना असते, लोक गुडघ्यावर बसून सरत्या वर्षाचा हिशेब देतात, हे शेजाऱ्याला कोण सांगणार? पण इथेही दोष निव्वळ व्यापाऱ्याचा नाही. आपल्यातल्याही किती घरांत त्या रात्री गुडघे टेकले जातात आणि किती घरांत पेले भरले जातात, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

25 डिसेंबर ही तारीखही आता एकट्या नाताळची उरलेली नाही. 2014 पासून सरकारी पंचांगात तो सुशासन दिन आहे, त्याच वर्षी कुणी त्याला तुळशीपूजन जोडले. आपल्यातले काही जण यावर चिडतात. मला चिडण्यासारखे काही दिसत नाही, दिवस कुणाच्या मालकीचा नसतो. शिवाय महाराष्ट्रात त्याही आधीचा एक 25 डिसेंबर आहे, 1927 चा, महाडचा. त्या दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. चंद्रपूर हे 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिलेले शहर. इथल्या वस्त्यांत बौद्ध आणि ख्रिस्ती घरे भिंतीला भिंत लावून आहेत. लूककृत शुभवर्तमानात येशूच्या जन्माआधी मरियेचे स्तोत्र येते. त्यात सत्ताधारी सिंहासनावरून खाली ओढले जातात, दीन उंचावले जातात, भुकेल्यांची पोटे भरतात आणि धनवान रिकाम्या हाताने परत जातात. हे स्तोत्र आपल्या चर्चमध्ये गोड चालीवर म्हटले जाते आणि त्याचा अर्थ रस्त्यापलीकडच्या बुद्धविहारात त्याच दिवशी सांगितला जात असतो. दोघांनी एकमेकांकडे जाऊन बसावे असा याहून चांगला दिवस कोणता?

आता घरच्या दुखण्याकडे येतो. ते म्हणजे पाकीट.

नाताळच्या आधी गाडी गावात येते. ब्लँकेट, वह्या, साडी, कधी किराणा. प्रार्थना होते, छोटा संदेश होतो, मग वाटप होते. हे करणाऱ्यांत प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत, त्यांच्या मनात दयेपलीकडे काही नसते, हे मी जाणतो. तरीही या वाटपामागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा असतो आणि तो आपल्याला सोयीस्करपणे विसरता येत नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे किड्यामुंगीसारखी मेली. मिशन्यांनी अनाथ पोरे उचलली, पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात येऊन मुली वाचवून घेऊन गेल्या. ही पोरे जगली आणि ख्रिस्ती वातावरणात वाढली. वाचवणाऱ्याला दोष देण्याइतका मी कृतघ्न नाही. पण त्यामुळे भाकर आणि बाप्तिस्मा यांची नावे लोकांच्या मनात एका दमात घेतली जाऊ लागली, हेही खरे.

पुढे 1954 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. तिचा अहवाल 1956 मध्ये आला. त्या वेळी चांदा जिल्हा मध्य प्रदेशातच होता आणि नागपूर राजधानी होती, म्हणून हा अहवाल आपल्याच घरावर लिहिलेला आहे. शाळा, दवाखाने, कर्ज, मदत यांच्या आडून धर्मांतर होते, असा त्याचा ठपका होता. मिशन्यांनी तो अन्यायाचा म्हटला, अभ्यासकांनी त्याच्या पद्धतीवर बोट ठेवले, पण त्याचा सूर पुसला गेला नाही. ओडिशाने 1967 मध्ये आणि मध्य प्रदेशाने 1968 मध्ये कायदे केले. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले, की घटनेच्या 25 व्या कलमातला प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. तोवर चांदा महाराष्ट्रात आला होता, पण कायदा जिल्ह्याच्या सीमेपाशी थांबला तरी संशय थांबत नाही.

यावर आपल्याकडून एक उत्तर दिले जाते आणि ते वाजवी आहे. गडचिरोलीत पोलिसांच्या जनजागरण मेळाव्यांत साड्या, भांडी, अवजारे वाटली जातात. निवडणुकीच्या तोंडावर काय काय वाटले जाते ते सांगायला नको. खाणवाले आपल्या सामाजिक निधीतून वाटतात. या कशालाच प्रलोभन म्हणत नाहीत, मग पाळकाच्या ब्लँकेटालाच का? प्रश्न बिनतोड आहे. पण बिनतोड प्रश्नाच्या आड लपता येते, आणि आपण लपतो. पोलिसाने साडी वाटली म्हणून तुमची साडी शुद्ध होत नाही. ज्या माणसाला आपण देव सांगायला निघालो, त्याच्यापुढे आधी वस्तू ठेवली, तर तो आपले ऐकतो आहे की वस्तूची वाट पाहतो आहे, हे आपल्याला आयुष्यभर कळणार नाही. आपल्या विरोधकाला हे कळो न कळो, आपल्याला तरी कळले पाहिजे.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट फोटोची. वाटप झाले की पोराला पाकीट हातात धरून उभे करतात, मागे फलक असतो, आणि तो फोटो देणगीदाराला जातो. देणगीदार मुंबईत असेल, केरळात असेल, परदेशात असेल. डिसेंबर हा देणग्यांचा महिना, म्हणून वाटपही डिसेंबरातच. 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा कडक झाल्यावर ओघ आटला, पण फोटोची सवय सुटली नाही. आता या व्यवहाराकडे थंड डोक्याने पाहा. गरिबी हा माल आहे, फोटो ही पावती आहे, दयेची भावना ही किंमत आहे. उपदेशपीठावरून ज्याला बाजार म्हणून नावे ठेवतो तो गोल बाजारात नाही, तो इथे भरतो आहे. दुकानदार निदान सरळ नफ्यासाठी तारा विकतो आणि तसे सांगतो.

ज्या सांतावर आपण एवढे चिडतो, त्याचे मूळ चौथ्या शतकातले मायराचे बिशप निकोलस. त्यांची आख्यायिका अशी, की तीन गरीब बहिणींची लग्ने हुंड्यावाचून अडली होती, तेव्हा त्यांनी रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. कुणी दिले ते कळू नये ही त्यांची धडपड होती. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असे येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे, आणि हा बिशप तेच करत होता. लाल झगा आणि हरणे नंतर चिकटली. बाजाराने त्या बिशपाचा झगा घेतला, पण त्याचा गुपचूपपणा आपणच टाकून दिला.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. नाताळच्या महिन्यात ख्रिस्ती संस्थांनी काहीही वाटू नये. वह्या द्यायच्या तर जूनमध्ये शाळेमार्फत द्याव्यात, ब्लँकेट द्यायची तर दिवाळीच्या थंडीत ग्रामसभेच्या हाती द्यावीत आणि तिथून निघून यावे. फलक नको, फोटो नको, संदेश नको. यावर कुणी म्हणेल, की मग ख्रिस्ताची साक्ष कशी दिसणार? 23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तारीख नाताळच्या आठवड्यातली, पण त्याला कोणत्याही धर्माचे नाव चिकटलेले नव्हते. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथे राहिले, माडिया आदिवासींवर बारा महिने औषधोपचार केले, आणि विश्वास बसला तो त्या राहण्यामुळे. साक्ष दिसायला पाकीट लागत नाही. मुक्काम लागतो.

मात्र इथे उलट्या टोकाला जाण्याचा धोका आहे. सेवा करा पण तोंड मिटून, असा सल्ला आपल्याला हितचिंतक देतात. तो मी मानत नाही. इंग्रज धर्मसेवक वेरिअर एल्विन 1932 मध्ये मंडल्याकडे करंजियाला गोंडांत राहायला गेले. नागपूरचे तेव्हाचे बिशप अ‍ॅलेक्स वुड हे आपल्या चांद्याचेच जुने मिशनरी. त्यांचे आणि एल्विन यांचे पटले नाही, एल्विन यांना धर्मसेवेचा परवाना मिळाला नाही आणि 1935 मध्ये त्यांनी चर्चच सोडले. एल्विन यांनी गोंड-बैगांसाठी केले ते मोठे होते. पण ख्रिस्ती माणसाने माणुसकी दाखवायची तर श्रद्धा घरी ठेवून यावे, असा नियम त्यातून काढता येत नाही. पाकीट सोडायचे ते बोलता यावे म्हणून. हातात वस्तू नसलेला माणूस आपला देव मोकळेपणी सांगू शकतो, आणि ऐकणारा मोकळेपणी नाही म्हणू शकतो. 25 व्या कलमाला याहून अधिक काय हवे आहे?

तेव्हा सांगायचे कोणत्या तोंडाने, हा प्रश्न उरतो. जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तजन्म मराठी ओवीत सांगितला तो 1616 मध्ये छापला गेला, म्हणजे लाल झग्यातल्या सांताच्या कितीतरी आधी नाताळ मराठीत आला होता. नागपुरात राहिलेले आणि 1893 मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात पहिल्यांदा बायबल हाती आलेले नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्त कीर्तनात आणि भजनात आणला. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. पगार सोडल्यावरच आपले शब्द आपले होतील, हे त्या कवीला कळले होते. शंभर वर्षांनी आपण कुठे आहोत? नाताळच्या मिरवणुकीत डीजे, इंग्रजी गाण्यावर पोरे नाचताहेत, स्टेजवर आमदारांचा सत्कार, शाल-श्रीफळ, चर्चच्या रोषणाईची शेजारच्या चर्चशी स्पर्धा. गव्हाणीत बाळ आहे की नाही ते शोधावे लागते.

आदिवासी गावांत याहून वाईट घडते. काही पंथांचे पाळक नव्या विश्वासणाऱ्यांना सांगतात, की ढोल सैतानाचा, रेला नाच सैतानाचा, पंडुमचा सण तर बघायचाही नाही. माणूस सगळे सोडतो. मग डिसेंबरात त्याच्याच पोराच्या डोक्यावर लाल टोपी येते आणि ते हिंदी सिनेमाच्या चालीवर नाचते. आजोबांचा ढोल वर्ज्य, आणि स्पीकर पवित्र! गाव तुटते ते इथे. पंडुमची वर्गणी नाकारली, सामुदायिक जेवणात बसला नाही, की शेजाऱ्याला वाटते हा आमच्यातून उठला. सीमेपलीकडे छत्तीसगडातल्या नारायणपुरात डिसेंबर 2022 मध्ये शेकडो आदिवासी ख्रिस्त्यांना घरे सोडावी लागली आणि 2 जानेवारी 2023 ला चर्चची मोडतोड झाली. त्या हिंसेला कसलेही समर्थन नाही, ती करणाऱ्यांवर कायद्याने हात टाकलाच पाहिजे. आणि तिच्यामागे राजकारण होते हे आंधळ्यालाही दिसते. पण मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल करिंथकरांना लिहिताना पौलाने जी समजूत दाखवली, ती आपल्या पाळकांना का दाखवता येऊ नये? मूर्ती काही नाही हे आपल्याला ठाऊक असले, तरी भावाला ठेच लागेल असे वागू नये, असे तो सांगतो. पूजेला बसू नका, पण पंडुमसाठी मांडव घालायला जा, लाकडे फोडा, गावाचे पाणी भरा. आणि नाताळला रेला घाला, गोंडीत गा, माडियात गा. गाव बघायला येईल, आणि बघायला आलेल्या माणसाला संशय धरायला फारसे काही सापडत नाही.

शेजाऱ्यांनाही एक विनंती आहे. मध्य प्रदेशात शाजापूरच्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी डिसेंबर 2023 मध्ये शाळांना बजावले, की पालकांच्या लेखी परवानगीवाचून मुलांना सांता बनवू नका. कुणाच्याही पोराला जबरीने काही बनवू नये, हे मला मान्य आहे. पण सांताला परवानगी लागू लागली, तर उद्या गीत गात दारोदार फिरणाऱ्या पोरांचे काय? बाजाराचा नाताळ चालतो आणि श्रद्धेचा चालत नाही, अशी वाटणी तुम्ही करू नका. आम्ही तुमच्या महाकालीच्या यात्रेत पाळण्यात बसतो, मंडईत नाटक बघतो, धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर भेटतो. तिथे आम्हांला कुणी प्रलोभन दाखवत नाही, आणि देवीची कथा, बुद्धाचे वचन कानावर पडले म्हणून आमचे काही बिघडत नाही.

पाळकांनी या डिसेंबरात वाटपाची गाडी काढू नये, देणगीदारांनी फोटो मागू नये, आणि चर्चच्या पंचांनी रोषणाईचा खर्च मंडळीसमोर वाचून दाखवावा. आणि वाचकहो, तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, 24 तारखेच्या रात्री चंद्रपूर, बल्लारपूर, सिरोंचा, जिथे असाल तिथल्या चर्चमध्ये येऊन मागच्या बाकावर बसा. ऐका, पटले नाही तर उठून जा, आणि घरी जाताना तुमच्या हातात काही देऊ लागले तर ते घेऊ नका.